पणजीचा शालू काळा नव्हता
जुन्या फोटोत लाल रंग काळा का येतो? आणि कापड रंगवायच्या रंगांनी फोटोच्या काचेला रंग ओळखायला कसं शिकवलं?

आमच्या घरी पणजीचा एकच फोटो आहे. मागे पेन्सिलने १९२८ लिहिलंय. लग्नानंतर आठवड्याभरात बेळगावातल्या एका स्टुडिओत काढलेला. पणजोबा खुर्चीत ताठ बसलेले, पणजी बाजूला उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. वय असेल चौदा-पंधरा. हसू नाही, पण घाबरलेली पण वाटत नाही.

गेल्या दिवाळीत पुतण्याने मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये हा फोटो टाकून रंगीत करून घेतला, मोठा केला, फ्रेम करून आणला. सगळे खूश. आत्याने चष्मा लावून पाहिला आणि फ्रेम बाजूला ठेवली.

"अरे, हे काय करून आणलंस? लग्नातला शालू काळा? आपल्यात लग्नाला काळं कोण नेसतं रे?"

"आत्याआजी, मूळ फोटोतच काळा दिसतोय. मी काय करणार?"

आत्या उठली, आतल्या खोलीतल्या ट्रंकेतून एक जुनी पोथी घेऊन आली. पोथीला कापडाचं वेष्टन. म्हणाली, हा त्याच शालूचा पदर. शालू विरला तेव्हा तिच्या आईने एवढाच तुकडा राखला होता. रंग बघितला तर कुंकवासारखा लाल, आजही.

फोटो खोटा नाही, आत्याही खोटी नाही. मग लाल शालू काळा झाला कसा? मी बी.कॉम. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी संबंध दहावीला संपला. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून महिनाभर जमेल तसं वाचून काढलं. बेळगावातल्या एका फोटोपासून सुरू झालेलं हे प्रकरण बर्लिन, कलकत्ता असं फिरून परत कुंकवापाशी येतं.

काचेला फक्त निळं दिसायचं

आधी प्रेसमधली एक आठवण सांगतो. मी पेपरात लागलो तेव्हा आमच्याकडे पान अजून कागदावर चिकटवून लावायचे. चौकटी आखायला आर्टिस्टकडे फिकट निळी पेन्सिल असायची. मी एकदा लाल पेनने खूण केली तर त्याने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. निळी रेघ कॅमेऱ्याच्या फिल्मवर उमटत नाही, लाल रेघ मात्र काळीकुट्ट उमटते, एवढंच त्याने सांगितलं. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. शिवाय ती फिल्म धुवायची खोली लाल दिव्याची. लाल उजेडाने त्या फिल्मला काही होत नसे.

पणजीच्या शालूचं उत्तर त्या लाल दिव्यातच आहे.

फोटोच्या काचेवर, नंतर फिल्मवर, चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. मुख्य म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइड. उजेड पडला की त्यात बदल होतो आणि धुतल्यावर तिथे काळी चांदी तयार होते. पण हे स्फटिक सगळ्या उजेडाला दाद देत नाहीत. जांभळा आणि निळा उजेड त्यांना चटकन लागतो. हिरवा, पिवळा, लाल उजेड त्यांच्या लेखी अंधारच.

परिणाम असा की फोटोत निळी वस्तू पांढरी यायची आणि पिवळी-लाल वस्तू काळी. इंदूरला नोकरी करता करता १८७० च्या दशकात कॅमेरा हातात घेतलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झालेले लाला दीनदयाळ यांचे जुने फोटो इंदूर-हैदराबादच्या वाचकांनी पाहिले असतील. त्या काळातल्या कुणाच्याही फोटोत आभाळ बघा, बहुतेक वेळा कोरं पांढरं. ढग गायब, कारण निळं आभाळ आणि पांढरा ढग काचेला सारखेच. काही फोटोग्राफर ढगांची वेगळी काच करून ठेवायचे आणि छापताना आभाळात बसवायचे! आज आपण फोटोशॉपला नावं ठेवतो.

आपल्याकडे याचा फटका जास्त, कारण आपलं सगळं रंगकाम लाल-पिवळ्यातच. कुंकू काळं, झेंडूची माळ काळी, हळद लावलेला चेहरा मूळ रंगापेक्षा गडद. नवरीचा लाल शालू काळा, आणि विधवेच्या अंगावरचं लाल आलवण, तेही काळंच. काचेला दोघी सारख्या.

नापास प्रयोगातून निघालेला रंग

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी सुट्टीत घरी प्रयोग करत होता. त्याला बनवायचं होतं क्विनीन, हिवतापावरचं औषध. ते झालं नाही, भांड्यात काळा गाळ राहिला. तो अल्कोहोलमध्ये विरघळवला तर सुंदर जांभळा रंग मिळाला. हा डांबरापासून निघालेला पहिला मोठा कृत्रिम रंग. मग पंधरा-वीस वर्षांत अशा रंगांची रांग लागली आणि हा धंदा बघता बघता जर्मनीतल्या कारखान्यांनी ताब्यात घेतला. आपल्याकडच्या नीळ पिकवणाऱ्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तो वेगळा विषय.

फोटोवाल्यांनी हे रंग आधी वरवरच वापरले. फोटोचा कागद गुलाबी किंवा जांभळट करायचा, छापलेल्या फोटोवर कुंचल्याने गाल रंगवायचे. त्यातले बरेच रंग उन्हाने उडाले. खरा उपयोग सापडला तो अपघातानेच.

बर्लिनचे मास्तर आणि इंग्लंडहून आलेल्या काचा

१८७३. बर्लिनमध्ये हेर्मान विल्हेल्म फोगेल नावाचे फोटोग्राफीचे प्राध्यापक होते. (पुढे अमेरिकेचे नामवंत फोटोग्राफर झालेले आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांचे हे गुरू.) इंग्लंडहून आलेल्या तयार कोरड्या काचा ते तपासत होते. उन्हाचा किरण लोलकातून फोडून जांभळा ते लाल असा पट्टा काचेवर पाडायचा आणि कुठवर उमटतो ते बघायचं. निळ्यानंतर पट्टा संपायला पाहिजे होता. पण या काचांवर हिरव्याचीही खूण उमटली.

दुसरा कुणी असता तर काच खराब म्हणून टाकून दिली असती. फोगेलनी बारकाईने पाहिलं. काचेच्या थरात पिवळट-लालसर रंग मिसळलेला होता. तेजस्वी उजेड काचेच्या मागच्या बाजूवर आपटून परत येतो आणि फोटोत धूसर वलय करतो. ते टाळायला बनवणाऱ्याने तो घातला होता. फोगेलनी तो रंग अल्कोहोलने धुऊन काढला. हिरवं दिसणं बंद! म्हणजे किमया रंगाची.

मग त्यांनी मुद्दाम वेगवेगळे कृत्रिम रंग काचेत मिसळून पाहिले. कोरॅलिन घातल्यावर काच पिवळ्या उजेडाला दाद द्यायला लागली. त्यावरून त्यांनी नियम मांडला: रंगद्रव्य ज्या रंगाचा उजेड शोषतं, त्या रंगासाठी ते काचेला जागं करतं.

इथे थोडं थांबायला पाहिजे, कारण मी स्वतः इथेच दोन दिवस अडकलो होतो. हिरवं दिसायला हवं तर हिरवा रंग घालायचा ना? नाही. हिरवी वस्तू हिरवा उजेड परत फेकते म्हणून ती हिरवी दिसते. हिरवा उजेड खाणारी वस्तू गुलाबी-लाल दिसते. म्हणून काचेला हिरवं दाखवायचं तर गुलाबी रंग घालायचा.

काम कसं चालतं ते माझ्या भाषेत सांगायचं तर हा दलालाचा धंदा आहे. सिल्व्हर ब्रोमाइड हिरव्या उजेडाशी थेट व्यवहार करत नाही. रंगाचा कण स्फटिकाला चिकटून बसतो, हिरव्या उजेडाची ऊर्जा स्वतः घेतो आणि स्फटिकाच्या हाती सोपवतो. स्फटिकाला माल मिळाल्याशी मतलब. मात्र दलाल स्फटिकाला चिकटलेला पाहिजे, नुसता आसपास तरंगून भागत नाही. आणि थोडेच पाहिजेत. रंग जास्त झाला तर काच उलट मंदावते.

फोगेलवर सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसला नाही. पण पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांनी झाडाच्या पानातलं हिरवं द्रव्य वापरून तसाच परिणाम दाखवला आणि शंका घेणाऱ्यांची पंचाईत झाली.

कलकत्त्याचा साहेब आणि गुलाबी रंग

यातलं एक पाऊल आपल्या देशात पडलंय, ते फारसं कुणी सांगत नाही. कलकत्त्याला सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत नकाशांचे फोटो काढून छापायचा विभाग होता. त्याचे प्रमुख जेम्स वॉटरहाउस, लष्करी अधिकारी. तरुणपणी मध्य भारतात फिरून त्यांनी भोपाळच्या सिकंदर बेगमांचे फोटो काढले होते. नकाशाच्या कामात निळी रेघ गायब होणं म्हणजे केवढी आपत्ती, ते आमच्या आर्टिस्टला विचारा. वॉटरहाउसनी फोगेलचं वाचून स्वतः प्रयोग केले आणि १८७५-७६ च्या सुमारास दाखवून दिलं की इओसिन नावाचा रंग हिरव्या-पिवळ्यासाठी उत्तम चालतो.

इओसिन तेव्हा अगदी नवा, जर्मन कारखान्यातून नुकताच बाहेर पडलेला गुलाबी रंग. आजही पॅथॉलॉजी लॅबमध्ये गाठीचा तुकडा तपासायला पाठवला की काचपट्टीवर जो गुलाबी रंग चढवतात तो हाच. याचा सख्खा भाऊ एरिथ्रोसिन. तो व्हिएन्नाच्या योझेफ मारिया एडर यांनी १८८४ मध्ये फोटोच्या कामाला लावला आणि इओसिनपेक्षा सरस ठरला. हा एरिथ्रोसिन तुम्ही खाल्लेला पण आहे. केकवरची पाकातली लालभडक चेरी आठवा.

१८८० च्या दशकात असे रंग घातलेल्या तयार काचा विकायला आल्या. नाव 'ऑर्थोक्रोमॅटिक', म्हणजे रंग बरोबर दाखवणाऱ्या. जाहिरातदारांची नेहमीची अतिशयोक्ती! हिरवं-पिवळं ठीक यायला लागलं, झाडाची पानं उजळली. लाल मात्र अजून काळंच. म्हणून धुवायच्या खोलीत लाल दिवा चालत राहिला.

बडोद्याच्या वाचकांसाठी एक जोड देतो. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तिथे कलाभवन सुरू झालं. गज्जर रसायनशास्त्राचे आणि कापड रंगवण्याच्या शास्त्राचे जाणकार. त्याच कलाभवनात एक मराठी मुलगा फोटोग्राफी शिकला, धुंडिराज गोविंद फाळके. त्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा सिनेमासाठी सर्रास मिळणाऱ्या फिल्मला लाल दिसत नव्हतं. मूकपटातल्या चेहऱ्यांना इतका पांढरा लेप का, याचं एक कारण हेच. नुसती कातडी गडद आणि डागाळलेली उमटायची, ओठ काळे.

कापडावर नापास, फोटोत पहिला

लाल दिसायला लागलं ते सायनीन जातीच्या रंगांमुळे. यातला पहिला रंग १८५६ मध्येच ग्रेव्हिल विल्यम्स यांनी बनवला होता. देखणा निळा. पण कापडावर चढवला की उन्हात विटून जायचा, म्हणून रंगाऱ्यांनी त्याला सोडून दिलं. उजेडाला इतकी चटकन दाद देणारा रंग साडीसाठी कुचकामी, फोटोला मात्र नेमका तोच पाहिजे होता. फोगेलनी तोही वापरून पाहिला. लाल-नारिंगी थोडं उमटलं, पण काचा धुरकट यायच्या.

पुढे बर्लिनला फोगेलच्या जागी आलेले आडोल्फ मीटे यांनी आर्थर ट्राउबे यांच्याबरोबर १९०२ च्या सुमारास याच जातीचा 'इथाइल रेड' शोधला. होएख्स्ट कंपनीतल्या बेनो होमोल्का यांनी १९०५ च्या आसपास 'पिनासायनॉल' बनवला आणि काचेला लाल रंग नीट दिसायला लागला. १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने 'पॅन्क्रोमॅटिक' काचा बाजारात आणल्या. सगळे रंग पाहणाऱ्या. फोगेल तेव्हा हयात नव्हते, १८९८ मध्येच गेले.

याचा पहिला मोठा फायदा रंगीत फोटोला झाला. लाल, हिरव्या, निळ्या काचेआडून एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे आणि परत एकत्र करायचे, ही युक्ती आधीपासून माहीत होती; पण लाल काचेआडचा फोटो उमटणार कसा? मीटेंकडे शिकून गेलेल्या प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन माणसाने याच पद्धतीने झारचं अख्खं साम्राज्य रंगीत टिपून ठेवलं. इंटरनेटवर ते फोटो पाहिले नसतील तर जरूर पाहा, शंभर वर्षांपूर्वीचे आहेत हे पटत नाही.

फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ऑटोक्रोम काच आणली. बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळट कृत्रिम रंगांत बुडवून काचेवर एकाच थरात पसरायचे, फटीत काजळी भरायची, वर सगळे रंग पाहणारा थर. बटाट्याचा असा उपयोग बेळगावच्या बटाटा मार्केटात कुणाला सुचला नसता.

मग १९१४ चं महायुद्ध. हे रंग जर्मनीचे, आणि इंग्लंडला एकदम पुरवठा बंद. विमानातून शत्रूचे खंदक टिपायला लाल दिसणाऱ्या काचा फार कामाच्या, कारण निळा उजेड धुक्यात विखुरतो, तांबडा आरपार येतो. शेवटी केंब्रिजच्या प्रयोगशाळेत विल्यम पोप आणि विल्यम मिल्स यांनी पिनासायनॉल आणि त्याची भावंडं तयार करून दिली. साडी रंगवणाऱ्या उद्योगाची ही शाखा थेट लढाईत पोचली.

मग १९२८ ला बेळगावात काय झालं?

सगळे रंग पाहणाऱ्या काचा १९०६ पासून मिळत होत्या, तर पणजीचा शालू १९२८ मध्ये काळा का?

उत्तर व्यवहाराचं आहे. या काचा महाग. शिवाय त्यांना लाल दिसतं म्हणजे लाल दिवा बंद, सगळं काम मिट्ट काळोखात. फोटो कितपत उमटला ते बघत बघत धुण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे कसं परवडणार? १९२० मध्ये ल्युप्पो-क्रामर यांनी फेनोसॅफ्रॅनिन या आणखी एका कृत्रिम रंगाने काचेची संवेदना तात्पुरती मारून दिव्यात धुण्याची सोय काढली, पण ते म्हणजे पुन्हा एक बाटली, पुन्हा खर्च. घरगुती कॅमेऱ्यांसाठी कोडॅकने १९३१ मध्ये आणलेली व्हेरिक्रोम फिल्मसुद्धा लाल न पाहणारीच होती, आणि ती १९५६ पर्यंत चालली. तेव्हा तुमच्या आजीच्या लग्नाच्या फोटोतही हाच गोंधळ असू शकतो. आधी कुंकू बघा. ते काळं असेल आणि साडीही काळी असेल, तर साडी लाल असण्याची शक्यता धरून चाला. पांढरी दिसणारी साडीही पांढरीच असेल असं नाही, फिकट निळी असू शकते. त्यावरून कुणाच्या वैधव्याचे अंदाज बांधू नका.

अ‍ॅपला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त गडद-फिकट दिसतं, त्यावरून तो अंदाज ठोकतो. लाल आणि काळा यांतला फरक त्या काचेवरच उमटला नाही, तर अ‍ॅप आणणार कुठून?

आता दुसरी गोष्ट, जी लिहू की नको करत होतो. पणजी फोटोत चांगली काळीसावळी दिसते. माझी मुलगी जन्मली तेव्हा बघायला आलेले सगळे भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "पणजीवर गेलीय." म्हणण्यातला सूर मुलीच्या आईला कळला होता. मुलगी आता सोळा वर्षांची आहे आणि हे वाक्य तिने किती वेळा ऐकलंय त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. आत्या एकटी दरवेळी सांगायची की तिची आजी गव्हाळ होती. कुणी ऐकलं नाही, समोर फोटो होता ना. लग्नाची हळद अंगावर असताना, लाल-पिवळं न कळणाऱ्या काचेवर काढलेला फोटो.

मुलीला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे मी कुणावर गेले तेच आता कळणार नाही." आणि हसली.

पुतण्याने पोथीच्या वेष्टनाचा फोटो काढून तो लाल अ‍ॅपमध्ये हाताने भरला. कुंकूही लाल केलं. चेहऱ्यापाशी आल्यावर थांबला, आत्याला विचारलं, कुठला रंग घालू? आत्या बराच वेळ बघत राहिली. "राहू दे तसाच," म्हणाली. त्यामुळे आता आमच्या भिंतीवर पणजी लाल शालूत, लाल कुंकवात उभी आहे आणि चेहरा मात्र जुन्या फोटोतलाच, करडा.